वादळ लुइझियानात, रांग अटलांटात

29 ऑगस्ट 2005च्या सोमवारी सकाळी कॅटरिना वादळ अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लीन्सचे बांध फुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तिथून जवळपास 700 किलोमीटरवर, जॉर्जिया राज्यात असलेल्या अटलांटा शहरात पूर नव्हता, रस्ते मोकळे होते, पंपांच्या टाक्यांत पेट्रोलही होतं. तरी बुधवारी दुपारी तिथल्या पंपांवर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. आदल्या आठवड्यात गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, अडीच डॉलरच्या आसपास असलेला भाव काही पंपांवर पाच डॉलरच्या वर गेला. कित्येक ठिकाणी भावफलकावरचे आकडे एकाच दिवसात पुन्हा पुन्हा बदलले. त्याच संध्याकाळी जॉर्जियाचे गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी आणीबाणी जाहीर केली, कारण आपत्तीच्या काळात अवाच्या सवा भाव लावण्याला बंदी करणारा राज्याचा कायदा आणीबाणी जाहीर झाल्यावरच लागू होतो.

वादळ एका राज्यात आणि पेट्रोलसाठी धावाधाव दुसऱ्याच राज्यात, हे कसं घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी ‘तेल संपलं’ हेच वाक्य असतं आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं.

अमेरिकेच्या आग्नेय भागात, म्हणजे जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलायना राज्यांत, पेट्रोल बनवणारा मोठा शुद्धीकरण कारखाना नाही. त्यांचं पेट्रोल येतं मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरून, दोन मोठ्या भूमिगत नळांमधून. पहिला कोलोनियल पाइपलाइनचा. टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून निघून तो न्यू जर्सीतल्या लिंडेनपर्यंत जातो. दुसरा प्लँटेशन पाइपलाइनचा. तो लुइझियानातून निघून राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरापर्यंत पोचतो. एकट्या कोलोनियलमधून रोज 20 लाख बॅरलहून अधिक इंधन वाहतं, आणि एका बॅरलमध्ये 159 लिटर मावतात.

या नळाचं काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू. कोलोनियलचा पेट्रोलचा मुख्य नळ 40 इंच, म्हणजे साधारण एक मीटर व्यासाचा आहे. तो सदैव काठोकाठ भरलेला असतो. एका कंपनीचं साधं पेट्रोल, त्यामागे दुसरीचं जास्त ऑक्टेनचं, त्यामागे तिसरीचं, असे लॉटमागे लॉट त्यात सोडलेले असतात. मध्ये पडदा नसतो. जिथे दोन प्रतींची सरमिसळ होते तेवढा भाग शेवटी खालच्या प्रतीत धरतात किंवा वेगळा काढून घेतात. आतलं इंधन माणूस भरभर चालेल त्या वेगाने, ताशी पाच ते आठ किलोमीटरने सरकतं. ह्यूस्टनला नळात सोडलेलं पेट्रोल न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत पोचायला सरासरी साडेअठरा दिवस लागतात. आणि ते आपोआप वाहत नाही. वाटेत ठरावीक अंतरावर पंपिंग स्टेशनं असतात, तिथल्या विजेच्या प्रचंड मोटारी त्याला पुढे ढकलत राहतात.

कॅटरिनाने हा नळ फोडला नाही. तिने लुइझियाना आणि मिसिसिपीतली वीज तोडली. पंपिंग स्टेशनं बंद पडली आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या नळातलं पेट्रोल आहे तिथेच थांबलं. मागून नवा माल ढकलला गेल्याशिवाय पुढच्या टोकाला थेंबही बाहेर येत नाही. पाइपलाइन कंपन्यांनी जनरेटर आणून लावले आणि काही दिवसांत कमी क्षमतेने का होईना, प्रवाह सुरू केला. पण ‘दोन्ही नळ बंद’ ही बातमी अटलांटात पोचायला वीजही लागली नाही की साडेअठरा दिवसही लागले नाहीत.

नळाच्या मागे कारखाने आणि कारखान्यांच्या मागे विहिरी. तिथली अवस्था नळापेक्षा वाईट होती. वादळाआधी माणसं हलवावी लागल्यामुळे आखातातल्या समुद्री विहिरींचं जवळजवळ सगळंच उत्पादन थांबलेलं होतं. अमेरिकेची निम्म्याच्या आसपास शुद्धीकरण क्षमता याच किनारपट्टीवर एकवटलेली आहे. तिथले अनेक कारखाने बंद झाले. न्यू ऑर्लीन्सजवळच्या मेरो गावात एका कारखान्याची साठवणटाकी पुराच्या पाण्याने जागची हलली आणि सुमारे 25 हजार बॅरल कच्चं तेल वस्तीत पसरलं. जवळपास 1800 घरांना त्याची झळ बसली. त्या घरांत आधी पाणी शिरलं, मग तेल.

शुद्धीकरण कारखाना बटण दाबून सुरू करता येत नाही. त्याला बाहेरून वीज लागते, वाफ लागते, थंड पाणी लागतं, हायड्रोजन लागतो. पूर ओसरल्यावर शेकडो मोटारी सोडवून, वाळवून, तपासून परत बसवाव्या लागतात. थंड पडलेली भट्टी आणि मनोरे सावकाश तापवावे लागतात, कारण घाई केली तर आग लागू शकते. आणि हे सगळं करणाऱ्या कामगारांची घरंच वाहून गेलेली असतात. धक्का थोडा असला तरी पुन्हा पूर्ण क्षमतेवर यायला एक-दोन आठवडे सहज जातात. मोठा असला तर महिने जातात.

इथे एक प्रश्न साहजिकच पडतो. अमेरिकेकडे आणीबाणीसाठी तेलाचा प्रचंड साठा आहे, मग तो का उपयोगी पडला नाही? त्या वेळी टेक्सास आणि लुइझियानातल्या मिठाच्या भूमिगत गुहांमध्ये सुमारे 70 कोटी बॅरल तेल साठवलेलं होतं. पण ते सगळं कच्चं तेल. कारखान्यात शिजवल्याशिवाय ते गाडीत घालता येत नाही, आणि कारखानेच बंद होते. सरकारने त्यातलं काही उसनं दिलं, काही विकलं. ज्या कारखान्यांना फक्त कच्च्या मालाची अडचण होती त्यांना त्याचा उपयोग झाला. अटलांटातल्या पंपाला झाला नाही.

खरी मदत आली समुद्रापलीकडून. 2 सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सदस्य देशांच्या साठ्यांतून 6 कोटी बॅरल बाजारात आणण्याचा निर्णय जाहीर केला. 1974मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने अशी पावलं त्याआधी एकदाच, 1991च्या आखाती युद्धात, उचलली होती. युरोपातल्या अनेक देशांच्या आणीबाणीच्या साठ्यात कच्च्या तेलाबरोबर तयार पेट्रोल आणि डिझेलही असतं. शिवाय युरोपात डिझेलच्या मोटारींचं प्रमाण मोठं असल्यामुळे तिथल्या कारखान्यांकडे पेट्रोल उरायचंच. ते जहाजांत भरून अटलांटिक ओलांडून आलं. जहाजं रस्त्यात असतानाच भाव नरमू लागले, कारण माल येतोय हे बाजाराला कळलं होतं. दरम्यान पर्यावरण खात्याने 31 ऑगस्टला उन्हाळी प्रतीच्या पेट्रोलची सक्ती तात्पुरती उठवली होती. एरवी 15 सप्टेंबरपर्यंत विकता न येणारं हिवाळी प्रतीचं पेट्रोलही त्यामुळे वापरता आलं. कागदावरच्या या एका सवलतीने बराच माल मोकळा झाला.

तोवर देशभराचा साध्या पेट्रोलचा सरासरी भाव एका आठवड्यात 2 डॉलर 61 सेंटवरून 3 डॉलर 7 सेंटवर गेला होता. राष्ट्रीय सरासरी तीन डॉलरच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. आणि मग दुष्काळात तेरावा महिना यावा तसं 24 सप्टेंबरला रीटा वादळ टेक्सास-लुइझियाना सीमेवर आलं. कॅटरिनाची दृश्यं ताजी असल्यामुळे ह्यूस्टन परिसरातून 25 लाखांहून अधिक माणसं एकाच वेळी गाड्या घेऊन बाहेर पडली. महामार्ग तासन् तास ठप्प झाले आणि वातानुकूलन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचं पेट्रोल रस्त्यातच संपलं. रीटामुळे गेलेल्या बळींत या पलायनात गेलेल्यांची संख्या प्रत्यक्ष वादळात गेलेल्यांहून जास्त होती. त्यानंतर जॉर्जियात इंधन वाचावं म्हणून गव्हर्नरांच्या विनंतीवरून शाळा दोन दिवस बंद ठेवण्यात आल्या, म्हणजे स्कूलबसचं डिझेल तरी वाचेल.

भावाबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा राग असतो तो असा: पंपाच्या टाकीतलं पेट्रोल तर मालकाने जुन्या भावात घेतलेलं आहे, मग आज वाढीव दर कसला? राग समजण्यासारखा आहे. पण अमेरिकेतला बहुतेक पंप, वर फलक मोठ्या कंपनीचा असला तरी, स्थानिक मालकाचा असतो. गॅलनमागे त्याला थोडेच सेंट सुटतात. आजची टाकी विकून आलेल्या पैशातून त्याला उद्याचा टँकर घ्यायचा असतो, आणि त्या टँकरचा घाऊक भाव तेलडेपोवर सकाळी एक, दुपारी दुसरा असा चढत असतो. जुन्या भावात टाकी रिकामी केली तर नवीन टँकरचे पैसे खिशातून भरावे लागतात. टंचाईत डेपो कोटा लावतात. नेहमीच्या करारातल्या गिऱ्हाइकाला ठरलेल्या मालाचा काही हिस्सा मिळतो आणि बिनकराराच्या छोट्या पंपाला सगळ्यात शेवटी, तोही सगळ्यात महाग. म्हणून एकाच चौकात समोरासमोरच्या दोन पंपांवर भाव डॉलरभराने वेगळा दिसतो आणि लोक महाग विकणाऱ्याला चोर ठरवतात.

अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने संसदेच्या सांगण्यावरून याची चौकशी केली. मे 2006मधल्या अहवालात त्यांनी सांगितलं की पद्धतशीर संगनमत आढळलं नाही. संसदेने घालून दिलेल्या व्याख्येनुसार नफेखोरी म्हणता येईल अशी 15 उदाहरणं सापडली, पण त्यांतल्या जवळपास सगळ्यांचं कारण त्या त्या भागातल्या बाजारातच होतं. मला हा निष्कर्ष पटतो, पण त्यात एक गोष्ट येत नाही. भाव वर जाताना आणि खाली येताना सारख्या वेगाने चालत नाहीत. ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या किमतींचा अभ्यास करून रॉबर्ट बेकन या अर्थतज्ज्ञाने 1991मध्ये हे दाखवलं आणि तेव्हापासून या वागण्याला ‘रॉकेट आणि पिसं’ असंच म्हटलं जातं. 2005च्या नोव्हेंबरअखेर अमेरिकेतली सरासरी 2 डॉलर 15 सेंटपर्यंत, म्हणजे कॅटरिनाच्याही आधीच्या पातळीखाली उतरली. चढायला एक आठवडा पुरला, आधीच्या पातळीवर परतायला मात्र, मध्ये रीटाही येऊन गेल्याने, जवळजवळ सात आठवडे लागले. त्या काळात कामावर जाण्यासाठी रोज गाडी काढण्यावाचून इलाज नसलेल्यांनी किती जास्त पैसे मोजले, याचा हिशेब संगनमताच्या चौकशीत धरला जात नाही.

आता रांगेकडे वळू. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी समजून घेतलेला भाग हाच आहे.

दहा लाख गाड्यांचं एक शहर धरा. प्रत्येक गाडीची टाकी 50 लिटरची, रोजचा खप चार लिटर. म्हणजे शहराला रोज 40 लाख लिटर पेट्रोल लागतं. लोक साधारण पाव टाकी उरली की पंपावर जातात, तेव्हा कुठल्याही दिवशी गाड्यांच्या टाक्या सरासरी साठ-बासष्ट टक्के भरलेल्या असतात. आता ‘उद्या पेट्रोल मिळणार नाही’ अशी बातमी आली आणि सगळ्यांनी टाक्या फुल्ल केल्या, तर प्रत्येक गाडीत सरासरी 19 लिटर जातील. एकूण एक कोटी 90 लाख लिटर, जवळपास पाच दिवसांचा खप एका दिवसात. शहरातले पंप सहसा एवढा माल बाळगत नाहीत. नळ चालू असता, कारखाने चालू असते, वादळ आलंच नसतं, तरी त्या दिवशी पंप कोरडे पडले असते. आणि त्यातलं एक लिटरही जळालेलं नसतं. पंपाच्या मोठ्या टाकीतून ते लोकांच्या अंगणातल्या लाखो छोट्या टाक्यांत गेलेलं असतं, इतकंच. पुढचे पाच दिवस कुणाला पेट्रोल घ्यायची गरज नसते. म्हणून अशी रांग जितकी अचानक येते तितकीच अचानक नाहीशीही होते.

हे अमेरिकेतल्याच नॅशव्हिल शहरात स्पष्ट दिसलं. सप्टेंबर 2008मध्ये आधी गुस्ताव आणि मग 13 तारखेला टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनवर आलेल्या आइक वादळाने आखाती कारखाने पुन्हा बंद पाडले. देशाचा पेट्रोलसाठा 1967नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेला होता, तेव्हा टंचाई खोटी नव्हती. पण नॅशव्हिलला पुरवठा कमी होता, बंद नव्हता. 19 सप्टेंबरच्या शुक्रवारी शहरातलं पेट्रोल संपत चाललंय अशी आवई उठली आणि सगळेच पंपांकडे धावले. काही तासांत शहरातले सुमारे 85 टक्के पंप कोरडे झाल्याचा अंदाज त्या वेळी दिला गेला. यात वेडं कुणीच नव्हतं. शेजारी टाकी भरणार हे माहीत असताना आपण न भरणं हे ज्याच्या त्याच्यापुरतं नुकसानीचंच असतं. प्रत्येकाने शहाणपणाने वागून सगळ्यांनी मिळून टंचाई तयार केली.

2012च्या सँडी वादळात आणखी एक कच्चा दुवा दिसला. 29 ऑक्टोबरला ते न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं. लिंडेनच्या परिसरात, जिथे कोलोनियलचा नळ संपतो तिथेच, कारखान्यात पाणी शिरलं आणि डेपोंची वीज गेली. पण पंपांची अडचण त्याहून साधी होती. जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल भरलेलं, वर रांगेत शेकडो गाड्या, आणि पेट्रोल वर खेचणारी मोटर चालवायला वीज नाही. 2 नोव्हेंबरला अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याने केलेल्या पाहणीत न्यूयॉर्क महानगर परिसरातल्या 67 टक्के पंपांवर पेट्रोल मिळत नव्हतं.

या परिसरात, विशेषतः एडिसन आणि जर्सी सिटीत, मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. वीज नसलेल्या घरात जनरेटर चालवायला पेट्रोल हवं, म्हणून गाड्यांच्या रांगेशेजारी हातात लाल कॅन घेतलेल्या माणसांची दुसरी रांग लागायची. न्यू जर्सीच्या 12 परगण्यांत 3 नोव्हेंबरपासून सम-विषम लागू झालं. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेला, विषम असेल तर विषम तारखेला पेट्रोल. न्यूयॉर्क शहराने तेच 9 नोव्हेंबरला केलं. सम-विषमने पेट्रोल वाढत नाही, पण उद्या आपला नंबर नक्की लागणार हे माणसाला कळतं आणि आज धावण्याचं कारण कमी होतं. भाव वाढू द्यायचा नसेल तर असा काहीतरी नियम हवाच, नाहीतर ज्याच्याकडे चार तास रांगेत उभं राहायची सवड आहे त्यालाच पेट्रोल मिळतं. रोजंदारीवरच्या माणसाला ते चार तास डॉलरहून महाग पडतात.

सँडीनंतर न्यूयॉर्क राज्याने शहाणपणाचा कायदा केला. शहर आणि आसपासच्या भागात महामार्गाच्या एक्झिटपासून अर्ध्या मैलाच्या आतल्या पंपांना जनरेटर जोडण्याची सोय करून ठेवणं सक्तीचं झालं. केंद्र सरकारने 2014मध्ये ईशान्येकडील राज्यांसाठी तयार पेट्रोलचा 10 लाख बॅरलचा वेगळा साठाही उभारला. तो सांभाळणं महाग पडतं म्हणून 2024मध्ये विकून टाकण्यात आला. तो विकायला नको होता असं माझं मत आहे. मिठाच्या गुहांमधलं कच्चं तेल पुढच्या सँडीलाही पंपापर्यंत पोचणार नाही.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. भारतात बहुतेक पंपांचे दर तीन सरकारी तेल कंपन्या ठरवतात. जून 2017पासून रोज दर बदलण्याची पद्धत असली तरी कोल्हापुरात पूर आला म्हणून कोल्हापूरचा पंपवाला दर दुप्पट करू शकत नाही. त्यामुळे आपल्याकडे टंचाई भावफलकावर दिसत नाही, ती सरळ रांगेत उतरते. ऑगस्ट 2019च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, टँकर अडकले आणि कोल्हापुरात पेट्रोलची टंचाई झाली. देशात पेट्रोल भरपूर होतं. रस्ता नव्हता.

वादळ नसतानाही हेच घडतं. 1 आणि 2 जानेवारी 2024ला ‘हिट अँड रन’च्या नव्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि टँकरचालक त्यात सामील झाले. मुंबई, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे पंपांवर रांगा लागल्या. मुंबईच्या माहुलहून मनमाडपर्यंत इंधनाचा नळ येतो, पण मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून पुढे उत्तर महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ते टँकरनेच जातं. चंडीगडमध्ये प्रशासनाने दुचाकीला दोन लिटर आणि चारचाकीला पाच लिटरची मर्यादा घातली. 2 तारखेच्या रात्री संप मिटला, टँकर पुन्हा डेपोंतून निघाले आणि रांगा ओसरल्या. आणि हो, विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या गुहांमधला आपला आणीबाणीचा साठाही कच्च्या तेलाचाच आहे.

कोकण किनाऱ्याला निसर्ग आणि तौक्ते एका वर्षाच्या अंतराने येऊन गेली आहेत, पुढचीही येतील. वादळाचा इशारा आता काही दिवस आधी मिळतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतरच्या वादळी महिन्यांत टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. आणि ज्या संध्याकाळी ‘उद्यापासून पेट्रोल बंद’ असा निरोप मोबाइलवर फिरू लागेल, तेव्हा तुमच्या गाडीत चार दिवसांचं पेट्रोल असेल तर कृपा करून पंपावर जाऊ नका, निरोपही पुढे पाठवू नका. पंपाच्या टाकीत जे काही उरलं असेल ते रुग्णवाहिकेला, दुधाच्या गाडीला आणि रोजच्या कमाईतून रोज दोन लिटर भरणाऱ्या रिक्षावाल्याला राहू द्या.